नववी-दहावीच्या मुलांना कथा वाचायला आणि लिहायला कशी शिकवावी?

प्रश्न : माणदेशी शिक्षिका

मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात एका माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. कथालेखन शिकवताना मला दरवर्षी एकच अडचण येते आणि ती अनुभवी शिक्षकांपुढे व लेखकांपुढे मांडावी, असे बरेच दिवस मनात होते.

‘गरीब शेतकरी – दुष्काळ – शेतात हंडा सापडणे – मालकाला परत करणे – बक्षीस’ असे मुद्दे फळ्यावर लिहून दिले, की वर्गातल्या बहुतेक वह्यांत एकच कथा उतरते. ‘एका गावात रामू नावाचा गरीब शेतकरी राहत होता’ अशी सुरुवात होते, प्रत्येक मुद्द्याचे एक-एक वाक्य होते आणि ‘तात्पर्य : प्रामाणिकपणाचे फळ गोड असते’ या ओळीवर कथा संपते. भाषा बऱ्यापैकी शुद्ध असते, एकही मुद्दा सुटलेला नसतो, गुणही मिळतात. परंतु त्या कथेत माणूस कुठेच भेटत नाही. आमच्याकडची मुले दुष्काळ पुस्तकातून शिकलेली नाहीत. टँकर आला की घागरी घेऊन धावलेली आणि गुरांबरोबर चारा छावणीत राहिलेली ही मुले जेव्हा ‘त्या वर्षी दुष्काळ पडला व पिके करपून गेली’ एवढेच लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळतात, तेव्हा मला फार वाईट वाटते.

वाचनाचीही तीच स्थिती आहे. धड्यातील कथा संपताच ‘मॅडम, यातून काय शिकायचं?’ असा प्रश्न येतो. ज्या कथेत उपदेश सरळ सांगितलेला नाही, ती मुलांना अपुरी वाटते आणि मग ती मार्गदर्शकातले उत्तर पाठ करतात. एका तासिकेची पस्तीस मिनिटे आणि वर्गात पन्नासच्या वर मुले, हे लक्षात घेऊन कथा समजणे आणि कथा लिहिणे या दोन्ही गोष्टी कशा शिकवाव्यात? दोन्ही स्वतंत्रपणे शिकवाव्यात की एकत्र?

उत्तर : वाङ्मयाचा प्राध्यापक

मॅडम, मुले तात्पर्य शोधतात याचा दोष त्यांच्याकडे किंवा आपल्याकडे देण्यापूर्वी ही सवय किती जुनी आहे, हे पाहिले पाहिजे. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठ’ या जुन्या ग्रंथाची रचनाच सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी आहे : आधी तत्त्व, मग ते पटवणारी लहानशी गोष्ट आणि शेवटी त्या गोष्टीचा तत्त्वाशी लावलेला मेळ. श्रावणातल्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ म्हणून सुरू होतात आणि कोणी उतले-मातले, त्याला काय भोगावे लागले आणि व्रत केल्यावर काय मिळाले, हे सांगूनच ‘सुफळ संपूर्ण’ होतात. पुढे इंग्रजी अमदानीत शाळांसाठी इसापनीती मराठीत आली आणि ‘तात्पर्य’ ही ओळ मुलांच्या वहीत कायमची जाऊन बसली. याचा अर्थ असा, की ‘यातून काय शिकायचं?’ असे विचारणारा विद्यार्थी अडाणीपणाने विचारत नाही. त्याला घरात, देवळात आणि पहिलीपासूनच्या पुस्तकांत जी गोष्ट भेटली, तिला हा प्रश्न योग्यच होता.

आपण जिला लघुकथा म्हणतो, ती मराठीत बरीच उशिरा आली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून त्यांच्या ‘स्फुट गोष्टी’ वाचकांपर्यंत पोहोचल्या. कथा उपदेशापासून सुटी होऊन माणसाच्या मनात शिरण्याचे काम तर १९४५ च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या पिढीने जोमाने केले. म्हणून माझी सूचना अशी, की बोधकथा कनिष्ठ आणि लघुकथा श्रेष्ठ असे मुलांना कधीही सांगू नये. ही दोन वेगळी कामे आहेत, असे सांगावे. बोधकथेत माणूस तत्त्वासाठी येतो, म्हणून तिथे ‘एक कोल्हा’ किंवा ‘एक शेतकरी’ एवढे पुरते. लघुकथेत तो विशिष्ट माणूस निघून गेला तर काहीच उरत नाही. एकच प्रसंग दोन्ही प्रकारे फळ्यावर लिहून दाखवला, तर नववीच्या मुलांना हा भेद एका तासिकेत कळतो आणि पुढे ‘काय शिकायचं?’ हा प्रश्न कोणत्या गोष्टीला विचारावा, हे ती स्वतः ठरवू लागतात.

उत्तर : निवृत्त भाषाशिक्षक

वाचन आणि लेखन एकत्र शिकवावे, असे माझे ठाम मत आहे. ते वेगळे केले, की वाचन म्हणजे प्रश्नोत्तरे आणि लेखन म्हणजे मुद्दे भरणे एवढेच उरते. लेखकाने काय सांगितले, याइतकेच त्याने काय न सांगता ठेवले, हे ज्याला वाचताना दिसते, त्यालाच लिहिताना कुठे थांबावे ते उमगते.

आपण माण तालुक्यातल्या आहात, म्हणून आपल्याच मातीतले उदाहरण घेतो. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मध्ये धर्मा रामोशी आहे. निवेदक त्याचे उघडे अंग पाहून त्याला एक धोतर देतो आणि त्यानंतरही तो पूर्वीसारखाच उघडा दिसतो. वाचणाऱ्याला वाटते, याने धोतराचे केले तरी काय? शेवटी आपल्याला दिसते ते एवढेच, की ते धोतर त्याच्या वयात आलेल्या मुलीच्या अंगावर आहे. ही कथा मी वर्गात कधीही एका दमात वाचत नसे. धोतर दिल्यानंतर धर्मा पुन्हा उघडा दिसतो, त्या जागी पुस्तक मिटून ठेवायचे आणि ‘धोतराचे काय झाले असेल?’ एवढेच विचारायचे. विकले असेल, जपून ठेवले असेल, चोरीला गेले असेल, अशी उत्तरे येतात. ती सर्व फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवायची आणि मग पुढे वाचायचे. शेवट वाचल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यावर लगेच प्रश्न लादायचा नाही. थोड्या वेळाने विचारायचे : ‘या जागी तात्पर्य लिहायचे झाले तर काय लिहाल?’ मुले दोन-तीन वाक्ये सुचवतात, ती फळ्यावर लिहिली जातात आणि मग वर्गच म्हणतो, की ही वाक्ये कथेपेक्षा लहान पडतात. तात्पर्य नको, हे शिक्षकाने सांगण्यापेक्षा मुलांना असे स्वतः जाणवणे कितीतरी मोलाचे आहे.

दुसरे उदाहरण प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’चे देतो, कारण हिंदीमुळे ती कथा बऱ्याच मुलांच्या कानावर असते. ईदच्या जत्रेत मित्रांबरोबर गेलेला हमीद मिठाई-खेळणी सोडून आजीसाठी चिमटा घेतो, त्याची ही गोष्ट. तिथे मी मुलांना भावना विचारत नसे, हिशेब विचारत असे. हमीदकडे किती पैसे आहेत? तीन. महमूदकडे बारा, मोहसीनकडे पंधरा. मिठाईच्या दुकानापाशी हमीदने काय केले, खेळण्यांच्या दुकानापाशी काय केले, लोखंडी वस्तूंच्या दुकानापाशी त्याला काय आठवले? हा हिशेब मांडला की मुलांच्या लक्षात येते, की तीन पैसे हा आकडा सहज आलेला नाही. हमीदकडे वीस पैसे असते तर त्याने मिठाईही खाल्ली असती, खेळणेही घेतले असते आणि चिमटाही घेतला असता. मग आजीच्या भाजणाऱ्या बोटांसाठी त्याला काहीच सोडावे लागले नसते आणि कथाच उरली नसती. कथेतल्या माणसाला काहीतरी हवे असते, त्याच्या हातात मोजकेच असते आणि एक घेतले की दुसरे सोडावे लागते. माझ्या मते, शालेय वयात कथेची रचना एवढीच शिकवावी. आरंभ, मध्य, उत्कर्षबिंदू ही नावे नंतर आली तरी चालतात.

आता लेखनाकडे येतो. मुद्दे दिल्यावर मुलांना लगेच लिहू देऊ नये. आपल्याच हंड्याच्या मुद्द्यांवर वर्गाला आधी प्रश्न विचारावेत. हा शेतकरी त्या दिवशी शेतात का गेला होता? घरी कोण वाट पाहत होते? हंडा सापडण्याच्या आदल्या दिवशी त्याने कोणाकडे उसने मागितले होते? हंडा परत करायला तो निघाला, तेव्हा त्याला कोणी अडवले का? एका प्रश्नाला दहा मुले दहा उत्तरे देतात आणि त्या क्षणी एकाच रामूचे दहा वेगळे शेतकरी होतात. मग प्रत्येकाने आपल्या शेतकऱ्याचा फक्त एक प्रसंग, फार तर अर्ध्या तासात घडणारा, लिहावा. दुष्काळ हा मुद्दा असेल, तर ‘दुष्काळ’ हा शब्द न वापरता तो दाखवावा, अशी अट घालून पाहा. आपली मुले छावणीतल्या दावणीबद्दल, चाऱ्याच्या पेंढ्या मोजून घेण्याबद्दल आणि टँकरच्या पाइपाला हात लावण्यावरून होणाऱ्या भांडणाबद्दल असे काही लिहितील, की आपणच थांबून वाचाल.

पन्नास वह्यांचा प्रश्न खरा आहे. सर्व वह्या एकाच वेळी तपासण्याचा आग्रह सोडावा. रोज थोड्या वह्या घ्याव्यात आणि पहिल्या वाचनात लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करू नयेत. ज्या वाक्याशी आपल्याला प्रसंग डोळ्यांपुढे दिसला, त्या वाक्याखाली रेघ ओढावी आणि जिथे दिसेनासा झाला, तिथे समासात एक प्रश्न लिहावा. शुद्धलेखन दुसऱ्या वाचनात पाहता येते. पहिल्याच वाचनात ते पाहिले, तर मूल पुढच्या वेळी फक्त स्वतःला नीट लिहिता येणारे शब्द वापरते आणि त्याची कथा आणखी आखडते.

उत्तर : कृतिपत्रिका तपासणारा

वरील सर्व मान्य करूनही परीक्षेविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण पालक आणि मुख्याध्यापक शेवटी तेच विचारतात. दहावीच्या सध्याच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, कथालेखनाला ५ गुण आहेत आणि कथा ८० ते ९० शब्दांत अपेक्षित असते. बहुतेक विद्यार्थ्यांची निम्मी शब्दसंख्या गावाचे, शेतकऱ्याच्या गरिबीचे आणि त्याच्या स्वभावाचे वर्णन करण्यातच संपते आणि प्रत्यक्ष घटना दोन वाक्यांत उरकावी लागते. एवढ्या लहान जागेत एकच प्रसंग मावतो. म्हणजे निवृत्त सरांनी सांगितलेली एका प्रसंगाची शिस्त परीक्षेच्या आड येत नाही, उलट ती परीक्षेलाही उपयोगी पडते.

‘प्रामाणिक मुलगा – बाजार – सापडलेले पाकीट – मालकाचा शोध – पाकीट परत’ या मुद्द्यांवर वर्गात दाखवण्यासाठी मी एक नमुना तयार केला आहे. तो मुलांनी पाठ करावा, अशी अपेक्षा मुळीच नाही. त्यात काय गाळले आहे, ते त्यांनी शोधावे.

*चिठ्ठी*

*बाजारातून परत येताना सदाला रस्त्यात पाकीट सापडले. आत शंभराच्या तीन नोटा आणि औषधाची चिठ्ठी होती. तशीच एक चिठ्ठी सदाच्या खिशात होती. पैसे मात्र नव्हते. तो औषधाच्या दुकानापाशी आला. तिथे एक म्हातारे गृहस्थ आपले खिसे पुन्हापुन्हा उलटे करून पाहत होते. सदाने पाकीट त्यांच्यापुढे धरले. त्यांनी नोटा मोजल्या, औषधे घेतली, सदाच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते निघून गेले. दुकानदाराने विचारले, “तुला काय पाहिजे, बाळ?” सदाने खिशातली चिठ्ठी चाचपली. “काही नाही. उद्या येतो,” तो म्हणाला.*

यात सर्व मुद्दे आले आहेत, शीर्षक आहे, संवाद आहे आणि तरीही कथा शब्दमर्यादेपेक्षा थोडी लहानच आहे. सदाची आई आजारी आहे की बाप, हे लिहिलेले नाही. तो प्रामाणिक होता, हेही लिहिलेले नाही. वर्गात हा नमुना दिल्यावर ‘सदा उद्या खरोखर येईल का? त्याच्याकडे उद्या पैसे कुठून येतील?’ असे विचारून पाहावे. मुलांची मते इथे फार वेगवेगळी पडतात आणि वाचनाचा तास आपोआप सुरू होतो. प्रश्नात तात्पर्य मागितलेले असेल, तर ते कथेखाली एक ओळ सोडून स्वतंत्र लिहावे. कथेच्या शेवटच्या वाक्यात ते मिसळले, की त्या वाक्याचे बळ जाते. मागितलेले नसेल तर लिहू नये. चांगल्या शेवटासाठी परीक्षक गुण कापत नाहीत.

प्रश्नकर्तीचे म्हणणे : माणदेशी शिक्षिका

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. धोतराच्या कथेची वाचनपद्धती या आठवड्यातच वर्गात करून पाहणार आहे. या निमित्ताने दोन शंका पुढे आल्या, त्याही विचारते. पहिली भाषेची : मुलांना मोकळेपणाने लिहा म्हटले, की ती ‘न्हाई’, ‘हाय’, ‘कुटं’ असे बोलतात तसेच लिहितात. ते खोडावे की राहू द्यावे? दुसरी शंका अधिक नाजूक आहे. स्वतःच्या अनुभवातून लिहा, असे सांगितल्यावर काही मुले घरातल्या अशा गोष्टी लिहितात, ज्या वर्गापुढे येणे त्यांच्यासाठी बरे नाही. वडिलांचे व्यसन, कर्ज, घरातली भांडणे. अशा वहीचे काय करावे?

उत्तर : वऱ्हाडातील कथालेखिका

ताई, मी शिक्षिका नाही. कथा लिहिते आणि शाळांमध्ये मुलांसाठी कथालेखनाची शिबिरे घेते. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

प्रथम निवृत्त सरांशी एका बाबतीत माझा मतभेद नोंदवते. ते वाचनापासून सुरुवात करतात. मी सांगण्यापासून करते. खेड्यातले जे मूल वहीत चार ओळींपुढे जात नाही, तेच मूल मधल्या सुट्टीत विहिरीत पडलेल्या शेळीची हकिकत सांगताना कुठे थांबायचे, कोणाचा आवाज काढायचा आणि शेवट कधीपर्यंत राखून ठेवायचा, हे बिनचूक जाणते. कथनाची ही जाण त्याला आजीकडून, पारावरच्या गप्पांतून, कीर्तनातून आणि तमाशाच्या वगातून मिळालेली असते. ती वहीत येत नाही, कारण वही उघडताच ते पाठ्यपुस्तकाच्या भाषेत शिरते आणि त्या भाषेत त्याने आयुष्यात कधी कोणाला काही सांगितलेले नसते. म्हणून आधी मुलाला उभे राहून सांगू द्यावे, शेजारच्याने ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि मग सांगणाऱ्याने ते वाचून दुरुस्त करावे. स्वतःचे बोलणे कागदावर पाहिल्यावर कोणते वाक्य लांबले आणि कुठे दोनदा तेच झाले, हे त्याला कोणी दाखवावे लागत नाही.

यातूनच बोलीच्या शंकेचे उत्तर निघते. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही वाट आपल्या कथेत चांगली मळलेली आहे. शंकर पाटलांच्या आणि माडगूळकरांच्या पात्रांच्या तोंडून बोली काढून टाकली, तर ती पात्रे ओळखूही येणार नाहीत. बारावीच्या ‘युवकभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकात कथा हा साहित्यप्रकार म्हणून अभ्यासाला आहे, तिथे डॉ. प्रतिमा इंगोले यांची ‘गढी’ आहे आणि तिच्यात आमची वऱ्हाडी आहे. म्हणजे मंडळाच्या पुस्तकानेच बोलीला कथेत जागा दिली आहे, हे मुलांना आणि शंका घेणाऱ्या पालकांनाही दाखवता येईल. अट एकच ठेवावी : बोली निवडून वापरावी. जे पात्र ‘न्हाई’ म्हणते, ते शेवटपर्यंत ‘न्हाई’च म्हणेल आणि तालुक्याहून आलेला साहेब त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणार नाही. दोन माणसांच्या बोलण्यात हा फरक मुलाने राखला, तर त्याला पात्रनिर्मिती समजली, असे मी मानते. परीक्षेत मात्र निवेदन प्रमाण भाषेत ठेवून संवादापुरतीच बोली वापरणे सुरक्षित आहे.

दुसऱ्या शंकेबाबत मी फार काळजी घेते. ‘स्वतःच्या अनुभवातून लिहा’ हे वाक्य मी शिबिरात वापरत नाही, कारण त्या वाक्याने मुलाला वाटते की घरातले सांगणे बंधनकारक आहे. त्याऐवजी ‘तुम्ही पाहिलेली एक जागा घ्या आणि तिथे तुम्ही नसलेले कोणीतरी ठेवा’ असे सांगते. स्वतःचे दुःख दुसऱ्याला देऊन लिहिण्याची मोकळीक मिळाली, की मूल अधिक खरे लिहिते आणि सुरक्षितही राहते. ‘मी’च्या जागी ‘तो’ किंवा ‘ती’ आणण्याचा कथेतला हा एक मोठा उपयोग आहे आणि तो मुलांना स्पष्ट सांगावा. निवेदक कोण, हा प्रश्न त्यानंतर त्यांना व्याकरणातल्या पुरुषासारखा कोरडा वाटत नाही.

तरीही एखादे मूल थेट घरातले लिहितेच. अशी वही वर्गात वाचू नये, दुसऱ्या शिक्षकांना दाखवून तिचे कौतुकही करू नये आणि तिला उत्तम कथा म्हणून वार्षिक अंकात देऊ नये, मग ती कितीही चांगली असो. मुलाला एकटे बोलावून आधी कथेविषयी बोलावे : हे वाक्य मला दिसले, ही आई मला खरी वाटली. ते ऐकून मूल स्वतःहून पुढे काही सांगू लागले, तर ऐकून घ्यावे. सांगितले नाही, तर खोदून विचारू नये. पण मुलाला मार बसतो आहे किंवा त्याच्या जिवाला धोका आहे असे लिखाणातून दिसले, तर तो कथालेखनाचा विषय राहत नाही. त्या वेळी मुख्याध्यापकांशी बोलावे लागते, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि ‘ही गोष्ट कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला आधी देऊन ठेवू नये, कारण ते पाळता येणार नाही.

वह्यांबाबत एक व्यवस्था शिबिरात उपयोगी पडली आहे. प्रत्येक मुलाने कथेच्या वर उजव्या कोपऱ्यात ‘वाचावी’ किंवा ‘वाचू नये’ यांपैकी एक लिहायचे आणि वर्गात मोठ्याने फक्त ‘वाचावी’ असे लिहिलेल्या कथा वाचायच्या. आपल्या वर्गातही हे करता येईल. सुरुवातीला बहुतेक मुले ‘वाचू नये’ लिहितात आणि तसे लिहिणाऱ्याला कारण विचारायचे नसते. एखाद्या मुलाने पुढे ते खोडून ‘वाचावी’ केले, तर त्या दिवशी त्याचीच कथा आधी घ्यावी आणि ती त्यानेच वाचावी. शिक्षकाने वाचून दाखवू नये.